रोपवेच्या केबिन्स रात्री कुठे ठेवाव्यात? स्वतंत्र शेड खरोखर लागते का?

प्लॅनवाली

नमस्कार. मी वास्तुरचनाकार असून दादरमधील एका लहानशा कार्यालयात काम करते. मुंबईहून खाडी ओलांडून गेल्यावर जेमतेम दोन तासांच्या अंतरावर होऊ घातलेल्या एका थीम पार्कचा आणि त्याला जोडलेल्या निवासी रिसॉर्टचा आराखडा सध्या आमच्याकडे आहे. हॉटेल आणि पार्कचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये एक ओढा आणि बरीच भातखाचरे असल्यामुळे रस्ता मोठा वळसा घेऊन जातो. त्यामुळे पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी सुमारे १२०० मीटर लांबीचा रोपवे ठरला आहे. केबिन्स आठ आसनी असतील, दोराचा वेग सेकंदाला ५ मीटर असेल आणि एका दिशेने ताशी १५०० माणसे नेण्याची क्षमता असावी, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

यंत्रणा पुरवणाऱ्यांनी दिलेल्या पहिल्या नकाशात हॉटेलकडच्या स्थानकाला चिकटून केबिन्स ठेवण्याची एक शेड दाखवलेली आहे. गेल्या बैठकीत मालकपक्षाने तिच्यावर लाल रेघ मारली. त्या जागेत चार कॉटेज सहज बसतात, केबिन्स रात्री दोरावरच लटकत राहिल्या तर कोणाचे काय बिघडणार आहे, आणि रायगडच्या रोपवेला तरी असे कोठार कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यावर समाधानकारक उत्तर देता आले नाही. यंत्रणा पुरवणाऱ्यांकडून 'शिफारस आहे' एवढेच उत्तर येते, आणि शिफारस म्हटले की ती सर्वांत आधी कापली जाते, हा आमच्या व्यवसायातील अनुभव आहे.

म्हणून येथील जाणकारांना विचारते. ही शेड म्हणजे केवळ केबिन्स ऊनपावसापासून झाकण्याची सोय आहे, की रोपवे चालवण्याशी तिचा काही संबंध आहे? तसेच ती ठेवायचीच ठरली तर किती मोठी असावी, याचा अंदाज कसा बांधावा?

रज्जुमार्गी

आपल्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. शेडचा संबंध चालवण्याशी आहे. झाकण्याशी असलेला संबंध दुय्यम आहे.

आधी रायगडची तुलना बाजूला ठेवू, कारण ती दोन वेगळ्या जातींची तुलना आहे. रायगडावर एक गट वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि केबिन्स ओढणाऱ्या दोराला कायमच्या जोडलेल्या असतात. दिवसाचे काम संपले की एक गट वरच्या आणि दुसरा खालच्या स्थानकात आपोआपच विसावतो. म्हणजे वेगळे कोठार नसले तरी त्या केबिन्स रात्री उघड्या दरीवर लटकत नाहीत. आपला रोपवे अखंड फिरणाऱ्या दोराचा आहे. त्यात प्रत्येक केबिनच्या डोक्यावर स्प्रिंगच्या जोरावर दोराला धरणारी पकड असते, जिला चालवणारे सर्वजण ग्रिप म्हणतात. केबिन स्थानकात शिरली की ग्रिपचा जबडा उघडतो, केबिन दोरापासून सुटून वरच्या रुळावर येते, रबरी टायरांची एक रांग तिचा वेग माणसाच्या संथ चालीइतका कमी करते, माणसे चढतात-उतरतात, पुढची टायरांची रांग तिला पुन्हा दोराच्या वेगापर्यंत आणते आणि जबडा दोरावर मिटतो. हे सगळे चालू असताना दोर मात्र आपल्याच वेगाने धावत असतो. चढण्या-उतरण्याच्या सोयीबरोबर या सुटण्यातून आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे केबिन रुळाच्या सांध्यावरून बाजूच्या मार्गावर वळवून दोर पूर्ण रिकामा करता येणे. शेड काढून टाकली तर सुटणाऱ्या ग्रिपसाठी मोजलेल्या पैशांतला मोठा भाग वाया जातो.

आता आपल्याच आकड्यांवर हिशेब करू. आठ आसनी केबिनमधून ताशी १५०० माणसे न्यायची म्हणजे साधारण दर १९ सेकंदांना एक केबिन सुटली पाहिजे. दोर सेकंदाला ५ मीटर धावतो, म्हणून दोन केबिन्समधील अंतर सुमारे ९६ मीटर येते. जाण्यायेण्याची मिळून लांबी २४०० मीटर, म्हणजे दोरावर एका वेळी २५ केबिन्स. प्रत्येक स्थानकातून वळसा घेऊन बाहेर पडायला सुमारे १०० सेकंद धरले तर तेथे पाच-पाच केबिन्स असतात. एकूण ३५. रुळावर एकमेकींना चिकटून उभ्या केल्या तर प्रत्येकीला साधारण अडीच मीटर जागा लागते असे धरू, म्हणजे जवळजवळ ९० मीटर रूळ. तो पाच रांगांत मोडला तर प्रत्येक रांग १८ मीटरची होते. वळणे आणि माणसाला चालण्याची वाट धरून ढोबळमानाने २२ मीटर बाय १६ मीटर जागा लागेल. नेमके आकडे केबिनच्या मॉडेलवर ठरतील, पण मालकपक्षाला कागदावर दाखवायला एवढे पुरे आहे.

खरा प्रश्न याच्या पुढे आहे. वादळाची चाहूल लागली तर दोर रिकामा करायला किती वेळ लागेल? शेड फक्त हॉटेलकडे असेल, तर हॉटेलमधून नुकतीच सुटलेली केबिन पार्कपर्यंत जाऊन, तेथे माणसे उतरवून, पूर्ण फेरी मारूनच शेडमध्ये येऊ शकते. पूर्ण फेरी म्हणजे दोरावरचे ८ मिनिटे आणि दोन्ही स्थानकांतील मिळून तीन-साडेतीन मिनिटे, म्हणजे ११ मिनिटांहून थोडे अधिक. पण वारा वाढू लागला की कोणीही पूर्ण वेगाने चालवत नाही. वेग निम्मा केला की स्थानकातील टायरही त्याच प्रमाणात मंदावतात आणि तीच फेरी २२-२३ मिनिटांची होते. हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या रोपवेवर 'आता बंद करा' असे म्हटल्यापासून दोर मोकळा होईपर्यंतचा हा वेळ आहे, आणि कोणत्या वाऱ्याला बंद करायचे हे ठरवताना तो आधीच वजा करून ठेवावा लागतो.

समुद्रवारा

वरील हिशेब बिनचूक आहे, तरी थोडा विरोधी सूर लावतो. जगात अनेक ठिकाणी हवामान स्थिर असलेल्या काळात केबिन्स रात्री दोरावरच ठेवतात. दोर थांबवून ठेवला आणि वारा मर्यादेत असला तर केबिन लटकून राहणे हा काही अपघात नव्हे; यंत्रणेची रचना त्या भारासाठी केलेलीच असते. रोज सायंकाळी ३५ केबिन्स आत घेणे आणि रोज सकाळी त्या बाहेर काढणे यात मनुष्यबळ जाते, आणि प्रत्येक सांध्यावरून केबिन वळवणे म्हणजे चूक होण्याची एक जागा वाढवणे.

माझे म्हणणे एवढेच आहे की नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ आणि पावसाळा यांना एकाच तराजूत तोलू नये. पावसाळ्यात पार्कला गर्दी कमी असते, तेव्हा निम्म्याच केबिन्स बाहेर ठेवून चालेल आणि उरलेल्यांसाठी साधा उघडा रूळ पुरेल. भिंती आणि छप्पर असलेली शेड ही चैन वाटते.

जुना फिटर

मी एका डोंगरी देवस्थानाजवळच्या रोपवेवर बरीच वर्षे देखभालीच्या कामाला होतो, आता निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतो. समुद्रवारा यांचे म्हणणे कागदावर चुकीचे नाही, पण कोकणपट्टीत उभ्या असलेल्या केबिनचे काय होते ते कागदावर दिसत नाही.

पहिली गोष्ट खारी हवा. दोराला तेल-ग्रीस मिळते, त्याकडे सर्वांचे लक्ष असते. ग्रिपच्या स्प्रिंगा, जबड्याची पिन, दाराच्या यंत्रणेतील लहान चाके यांच्याकडे तेवढे लक्ष जात नाही, आणि गंज तेथूनच सुरू होतो. ग्रिप ठरावीक तासांच्या वापरानंतर उतरवून, उघडून, तिच्यात डोळ्यांना न दिसणारी भेग पडली आहे का हे चुंबकीय पावडरच्या चाचणीने तपासावे लागते. त्यासाठी केबिन रुळावर स्थिर आणि फिटर खाली कोरड्या जमिनीवर उभा असावा लागतो. दोरावर लटकलेल्या केबिनची ग्रिप कोण आणि कशी उतरवणार? देखभालीच्या रुळाला स्वतंत्र रांग नसेल तर रोज एक-दोन केबिन्स पाळीपाळीने बाहेर काढून तपासणे शक्य होत नाही, मग सगळे काम वार्षिक बंदच्या आठवड्यावर साठत जाते आणि त्या आठवड्यात काय होते ते मी पाहिलेले आहे. माणसे चौदा-चौदा तास उभी असतात आणि तपासणीच्या वहीत सगळ्या केबिन्सपुढे एकाच हस्ताक्षरात एकाच दिवशी 'ठीक' लिहिले जाते.

दुसरी गोष्ट कबुतरे. हसू नये. उघड्या रुळावर उभ्या केबिनच्या छपरावर आणि ग्रिपच्या आडोशाला ती घरटी करतात. विष्ठा रंग खाते आणि दमट हवेत तिचा थर धातूला चिकटून बसतो. त्यावर उपाय म्हणून एका पावसाळ्यात आम्ही सगळ्या केबिन्सची दारे आणि झडपा घट्ट बंद करून ठेवल्या, तर महिन्याभरात आसनांवर बुरशी आली. तेव्हापासून वरून छप्पर, बाजूंनी जाळी, केबिनची दारे फटीइतकी उघडी, असा क्रम ठरला. उंदरांसाठी वेगळी तजवीज लागते, कारण दिव्याच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा त्यांना फार आवडतात.

खिडक्या काचेच्या नसतात, पॉलिकार्बोनेटच्या किंवा ॲक्रिलिकच्या असतात. धुळीने माखलेली खिडकी कोरड्या फडक्याने एकदा पुसली की तिच्यावर कायमचे ओरखडे पडतात आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव वापरले की ती धुरकट होऊन कालांतराने तडकते. आधी भरपूर पाणी, मग सौम्य साबण आणि मऊ कापड, हाच उपाय आहे. म्हणून शेडमध्ये धुण्याची एक जागा, पाण्याचा नळ आणि निचऱ्याची मोरी हवी. नकाशात ही मोरी नेहमी विसरली जाते. कृपया आत्ताच काढून ठेवावी.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. रिकामी केबिन रुळावर फार हलकी चालते, एक माणूस खांदा लावून ढकलू शकतो. रांगेच्या टोकाला अडवणी लावायची असते. एका सायंकाळी पाऊस येत होता म्हणून घाई केली आणि अडवणी न लावता मी शेवटची केबिन सोडली. ती मागे सरकून सांध्यात आली आणि पुढून येणाऱ्या केबिनला घासली. माणूस कोणी नव्हते, दाराची एक चौकट वाकली, एवढ्यावर निभावले. पण त्या दिवसापासून मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाला सांगत आलो की गाडी भरलेली असताना सगळे सावध असतात, रिकामी असताना कोणी नसतो. आपल्या शेडमध्ये रुळाचा प्रत्येक सांधा नियंत्रण कक्षातून दिसला पाहिजे आणि सांधा पूर्ण बसल्याचा संकेत मिळाल्याशिवाय दोर चालू होता कामा नये, एवढी मागणी जरूर नोंदवावी.

फ्लोरिडा रिटर्न

जुना फिटर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. हाँगकाँगमधील न्गाँग पिंग ३६० या ५.७ किलोमीटर लांबीच्या रोपवेवर ११ जून २००७ च्या सायंकाळी एक केबिन खाली कोसळली, तेव्हा सेवा प्रवाशांसाठी बंद झालेली होती आणि चाचणी चालू होती. केबिन रिकामी असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही, पण सेवा पुन्हा सुरू व्हायला ३१ डिसेंबर २००७ उजाडला. बंद वेळेतील हालचालींनाही चालू वेळेइतकीच शिस्त लागते.

आपल्या प्रकल्पाला सर्वांत जवळचे उदाहरण फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या 'स्कायलायनर'चे आहे. तो २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. तेथे तीन मार्ग एका मध्यवर्ती स्थानकाला मिळतात, हॉटेले आणि दोन पार्क त्यांनी जोडले आहेत, आणि प्रत्येकी दहा जणांच्या जवळजवळ ३०० केबिन्स आहेत. मी कुटुंबासह त्यात बसलो तेव्हा दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक, व्हीलचेअर किंवा स्कूटरवरील प्रवाशांसाठी केबिन मुख्य रांगेतून वेगळ्या वळणावर नेऊन पूर्ण थांबवतात आणि मग पुन्हा रांगेत सोडतात, त्यामुळे बाकीच्या केबिन्स अडत नाहीत. दोन, केबिनमध्ये वातानुकूलन नाही, खिडक्यांच्या जाळ्यांमधून येणारा वाराच काय तो आधार. चालू असताना ते पुरते. पण सुरू झाल्यावर आठवड्याभरातच, ५ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री एका मार्गावरील केबिन्स स्थानकाजवळ एकमेकींवर आदळल्या आणि प्रवासी तीन तासांहून अधिक काळ हवेत अडकले. ती सेवा १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. केबिनमध्ये आणीबाणीच्या साहित्याचा संच ठेवलेला असतो. मुंबईच्या मे महिन्यात भर दुपारी केबिन अडकली तर आतल्या लहान मुलांचे आणि वृद्धांचे काय होईल याचा विचार आपण आत्ताच करावा. पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या तर त्या उन्हात तापणार नाहीत आणि वेळेवर बदलल्या जातील अशीही व्यवस्था हवी. ते कामही शेडमध्येच होऊ शकते.

वीज चमकू लागली किंवा वारा वाढला की तेथील सेवा थांबवतात आणि बसगाड्या लागतात. हा बसचा भाग आपल्या आराखड्यात आहे का? रोपवे बंद झाल्यावर पार्कच्या बाजूला अडकलेले पाहुणे हॉटेलवर कसे येणार?

रज्जुमार्गी

समुद्रवारा यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचे राहिले होते. त्यांनी पावसाळ्याला धोक्याचा काळ धरले आहे. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत अवघड काळ मे महिना आहे.

पावसाळ्यातील वारा जोराचा असला तरी त्याची चाल लागलेली असते आणि हवामान विभागाचे इशारे आधी येतात. चक्रीवादळाचेही तसेच आहे. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'ची आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलेल्या 'तौक्ते'ची सूचना दोन-तीन दिवस आधी होती. तेवढ्या वेळात कोणीही केबिन्स आत घेईल, शेड असली तर. वळवाच्या पावसाचे मात्र तसे नाही. दुपारी स्वच्छ ऊन असते, तीननंतर पूर्वेकडे ढग दाटतात आणि पावसाच्या आधी धुळीचा लोट येतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो अशाच एका दुपारी. कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत, त्यांच्यावर ढग वाढताना दिसतात, पण त्या इशाऱ्यापासून वारा अंगावर येईपर्यंत हाती मिळणारा वेळ फार थोडा असतो. आणि मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या. पार्क तेव्हाच भरलेले असते आणि सर्व ३५ केबिन्स तेव्हाच दोरावर असतात. म्हणून पावसाळ्यात निम्म्या केबिन्स ठेवण्याची सूचना चांगली असली तरी जेथे गरज आहे त्या महिन्यात ती उपयोगी पडत नाही.

वाऱ्यात नेमके काय होते तेही सांगतो. केबिन्स असलेला दोर आणि रिकामा दोर यांची वागणूक वेगळी असते. केबिन बाजूने झुलू लागली की खांबावरून जाताना ती खांबाला लागू नये म्हणून अंतर ठेवलेले असते, पण ते अंतर ठरावीक झोक्यापर्यंतच पुरते. शिवाय दोर स्वतः हलतो आणि खांबावरच्या चाकांवरून सरकण्याचा धोका वाढतो. रिकाम्या दोराला वारा धरायला फार पृष्ठभाग मिळत नाही. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला वाऱ्याने झाड उन्मळून रोपवेवर पडले आणि सात जणांचा मृत्यू झाला, त्यामुळे आपल्या मार्गालगतच्या झाडांची उंची आणि दोरापासूनचे अंतर हेही तपासावे. ओढ्याच्या काठची जुनी झाडे त्यात येतील असे वाटते.

आता २२ मिनिटांवर परत येतो. ती कमी करण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो आपल्या चार कॉटेजच्या वादालाही लागू पडेल. शेड एकाच टोकाला न ठेवता दोन्ही स्थानकांत निम्मी-निम्मी ठेवावी. कोणत्याही क्षणी साधारण निम्म्या केबिन्स हॉटेलकडे आणि निम्म्या पार्ककडे निघालेल्या असतात. प्रत्येक केबिन ज्या स्थानकाकडे निघाली आहे तेथेच माणसे उतरवून बाजूच्या रुळावर गेली तर कोणालाही पूर्ण फेरी मारावी लागत नाही. वेळ निम्म्यावर येतो, निम्म्या वेगानेही ११-१२ मिनिटे. प्रत्येक टोकाला १७-१८ केबिन्स, म्हणजे ४५ मीटर रूळ.

समुद्रवारा

वळवाचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात आला नव्हता. छपराबाबतचा माझा आग्रहही कबुतरांपुढे सोडून देतो.

मात्र एक शंका राहते. स्थानकाची फरशी जमिनीपासून किती उंच आहे? स्थानक उंचावर असेल आणि शेड खाली असेल तर केबिन्स उतरवायला उद्वाहक लागेल, आणि मग प्रत्येक केबिनमागे जाणारा वेळ वरचा सगळा हिशेब मोडून टाकेल.

प्लॅनवाली

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर उत्तर मला कोणत्याही बैठकीत मिळाले नव्हते.

स्थानकांच्या पातळीबद्दल: हॉटेलकडचे स्थानक जमिनीपासून ४ मीटर उंच आहे, कारण त्याच्या खाली आम्ही बसथांबा ठेवला होता. पार्ककडचे स्थानक जमिनीलगत आहे. म्हणजे हॉटेलकडे शेडही त्याच पातळीवर, बसथांब्याच्या छपरावर न्यावी लागेल. आज दुपारी आम्ही तसे रेखाटून पाहिले. बसथांबा जसाच्या तसा राहतो, त्याचे छप्पर थोडे लांब होते, त्यावर १८ केबिन्सच्या तीन रांगा, देखभालीची एक रांग आणि धुण्याची मोरी बसते. कॉटेजची जागा जवळजवळ पूर्ण सुटते. पार्ककडे प्रवाशांच्या रांगेसाठी छप्पर होतेच, त्याच्या मागच्या बाजूला दुसरी निम्मी शेड जाते. तेथील जमीन सखल असून २६ जुलै २००५ ला गावातील लोकांच्या सांगण्यानुसार त्या खाचरात कमरेइतके पाणी होते. केबिन्स रुळाला लटकलेल्या असल्या तरी त्यांचे तळ जमिनीपासून फार उंच नसतात, म्हणून तो ओटा त्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घेत आहोत आणि विजेचे पॅनेल त्याहूनही वर. फ्लोरिडा रिटर्न यांनी विचारलेला बसचा प्रश्न यातून आपोआपच सुटला, कारण बसथांबा स्थानकाच्या थेट खाली आहे. पार्ककडे मात्र बस उभी करायला जागा काढावी लागेल.

२२ आणि ११ मिनिटांचा हिशेब मी एका पानावर मांडून मालकपक्षाला पाठवला आहे. 'शिफारस' हा शब्द त्यात कोठेही वापरलेला नाही.

एक लहान प्रश्न राहिला. दोन्ही टोकांना केबिन्स ठेवल्या तर सकाळी त्या दोन्हीकडून एकाच वेळी सोडाव्या लागतील. मग क्रम आणि अंतर बिघडणार नाही का?

जुना फिटर

अंतर नियंत्रण यंत्रणाच राखते. पुढची केबिन ठरलेल्या अंतरावर गेल्याखेरीज मागची सुटत नाही. क्रम बिघडतो, पण क्रमाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते कोणती केबिन किती तास फिरली याच्या नोंदीला. प्रत्येक केबिनवर क्रमांक ठळक असावा, रात्री आत घेताना आणि सकाळी सोडताना दोन्ही टोकांच्या वह्यांत तो लिहिला जावा आणि दोन्ही वह्यांची बेरीज रोज ३५ आली पाहिजे. संगणकात हे आपोआप नोंदले जाते, तरीही वही ठेवावी. पहिली फेरी रिकामी, निम्म्या वेगाने, आणि त्या फेरीत एक माणूस प्रत्येक स्थानकात फक्त ग्रिपकडे बघत उभा. त्याच्या हातात तेव्हा चहाचा कप नसावा.

हॉटेलकडची रांग छपरावर आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून एक विनंती करतो. खाली माणसे बसची वाट बघत उभी राहणार, तेव्हा रुळाखालची फरशी सलग ठेवावी, जाळीची नको. आमच्या हातून पाने आणि नट पडतात.